निवृत्तीनंतरचं सोडा, निवृत्तीआधीचं बोला

ऑगस्ट २०२५ मध्ये आरती साठे मुंबई हायकोर्टाच्या न्यायाधीश झाल्या आणि काही दिवस मराठी वाहिन्यांना दुसरा विषय सुचेना. साठे काही काळ महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या. काल पक्षाची बाजू मांडणारी व्यक्ती उद्या सरकारविरुद्धच्या याचिका ऐकणार का, असं विरोधकांनी विचारलं. त्यांनी पद केव्हाच सोडलंय, असं समर्थकांनी सांगितलं. अशा वादांची पुढची वाटही ठरलेली असते. एक बाजू कलकत्ता हायकोर्टाच्या अभिजित गंगोपाध्यायांचं नाव घेते. त्यांनी ५ मार्च २०२४ रोजी राजीनामा दिला, दोन दिवसांत भाजपमध्ये प्रवेश केला आणि जूनमध्ये ते तमलुकचे खासदार झाले. दुसरी बाजू बहारुल इस्लामांना बाहेर काढते. ते राज्यसभेतले काँग्रेस खासदार. तिथून गुवाहाटी हायकोर्टात गेले, तिथून निवृत्त झाल्यावर सुप्रीम कोर्टात आणि १९८३ मध्ये पुन्हा काँग्रेसच्या राज्यसभेत. मग निवृत्तीनंतर राज्यसभेत गेलेले सरन्यायाधीश रंजन गोगोई येतात, मग तसेच रंगनाथ मिश्र. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या न्यायाने तासभर हाणामारी होते. शेवटी कुणीतरी शहाण्यासारखा चेहरा करून म्हणतो की निवृत्तीनंतर दोन वर्षं पद घेण्यावर बंदी घाला, म्हणजे प्रश्न मिटेल.

मिटणार नाही. हायकोर्टाच्या न्यायाधीशाचं स्वातंत्र्य प्रामुख्याने पदाच्या आधी किंवा नंतर धोक्यात येतं, हे या वादाचं गृहीतच मुळात चुकीचं आहे. ते धोक्यात येतं मधल्या दहा-पंधरा वर्षांत, तो खुर्चीवर असताना. पहिली दोन वर्षं तो ‘अ‍ॅडिशनल’ असतो आणि कायम होण्याची वाट पाहत असतो. पुढची सगळी वर्षं त्याची बदली कधीही, कुठेही आणि कारण न सांगता होऊ शकते. शेवटच्या काही वर्षांत सुप्रीम कोर्टाचं दार दिसू लागतं. ते उघडलं तर पासष्टपर्यंत काम, नाहीतर बासष्टला घरी. या तिन्ही कळा निकाल देणाऱ्या माणसाच्या हातात नसतात. निवृत्तीनंतरचं आमिष हे या साखळीचं फक्त शेवटचं टोक आहे. आपण त्याच टोकाला धरून ओढत बसलो आहोत.

आधी विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. निवृत्तीनंतरच्या पदांचा वास निकालांना लागतो, ही भीती कुणा कडवट माणसाच्या मनचे मांडे नाहीत. अरुण जेटलींनी २०१२ मध्ये, राज्यसभेतले विरोधी पक्षनेते असताना, हेच सांगितलं होतं. त्याच वर्षी पक्षाध्यक्ष असलेल्या नितीन गडकरींनी दोन वर्षांच्या अंतराची कल्पना मांडली होती. पुढे त्यांच्याच सरकारने २०१४ मध्ये नुकत्याच निवृत्त झालेल्या सरन्यायाधीशांना केरळचं राज्यपालपद दिलं. त्याहून जुना दाखला मुंबईचा आहे. मोतीलाल सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या विधी आयोगाने १९५८ मध्ये आपल्या चौदाव्या अहवालात न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेण्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली. आयोगाचे एक सदस्य होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्याच वर्षी छागला अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून गेले, पुढे केंद्रात मंत्रीही झाले. सेटलवाड ही गोष्ट कधी विसरले नाहीत. छागलांसारखा मोठा माणूस हा मोह टाळू शकला नाही, तर इतरांकडून काय अपेक्षा करायची, हा प्रश्न रास्तच आहे.

पण छागलांचंच उदाहरण उलटीकडूनही बघा. मुख्य न्यायमूर्ती असताना त्यांच्या कोर्टात मोरारजी देसाईंच्या मुंबई सरकारला फटके बसत होते. लोकांना आजही ते छागला आठवतात, वॉशिंग्टनचे राजदूत छागला नाहीत. आणि ज्यांच्या आधीच्या राजकारणाकडे बोट दाखवावं, असे काही जण तर आपल्या न्यायालयीन इतिहासातले सर्वांत ताठ कण्याचे निघाले. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ च्या नंबुद्रिपाद मंत्रिमंडळात मंत्री होते. ते केरळ हायकोर्टात गेले तेव्हा किती भुवया उंचावल्या असतील! के. एस. हेगडे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य असताना थेट म्हैसूर हायकोर्टावर गेले. आजच्या निकषाने हा केवढा घोटाळा! पण केशवानंद भारती खटल्यात त्यांनी इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्ध मत दिलं. १९७३ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलली गेली तेव्हा त्यांनी राजीनामा तोंडावर फेकला. आपल्या हायकोर्टातले फर्दिनो रिबेलो गोव्यात जनता पक्षाचे आमदार होते. पुढे ते अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि त्यांच्या निकालांत पक्ष शोधायला कुणी गेलं नाही. तेव्हा माणूस कुठून आला यावरून तो खुर्चीवर कसा वागेल हे कळत नाही. खुर्चीवर असताना त्याला काय मिळू शकतं आणि काय गमवावं लागू शकतं, यावरून मात्र बरंच कळतं.

बदलीपासून सुरुवात करू. घटनेचं कलम २२२ म्हणतं की राष्ट्रपती सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करून हायकोर्टाच्या न्यायाधीशाची दुसऱ्या हायकोर्टात बदली करू शकतात. कशासाठी, कधी आणि किती वेळा, यावर कलम गप्प आहे. पहिली पंचवीस वर्षं हा अधिकार फारसा वापरला गेला नाही आणि वापरला तेव्हा बहुधा न्यायाधीशाच्या संमतीने. मग आणीबाणी आली. मुंबईसह नऊ हायकोर्टांनी सांगितलं की स्थानबद्धाला कोर्टात दाद मागता येते. सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने ते सगळे निकाल उलटवले. त्याच वर्षी सोळा हायकोर्ट न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेचं प्रकरण ऐकणारे दिल्लीचे न्या. रंगराजन गुवाहाटीला गेले. त्यांच्यासोबत बसलेले न्या. आर. एन. अगरवाल अ‍ॅडिशनल होते, त्यांना सेशन्स कोर्टात परत पाठवलं. गुजरातच्या न्या. संकळचंद शेठ यांना आंध्रला धाडलं. ते एकटे भांडले. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की बदलीला न्यायाधीशाची संमती लागत नाही, फक्त ती ‘सार्वजनिक हितासाठी’ असावी. न्या. भगवती आणि न्या. उंटवालिया म्हणाले की संमतीशिवाय बदली होऊच शकत नाही. बहुमताचा मुख्य निकाल यशवंत चंद्रचूड यांचा होता. त्यांनी बदली ही शिक्षा म्हणून वापरू नका असंही बजावलं. पण सार्वजनिक हित म्हणजे काय, ते ठरवायचं काम ज्याच्या हाती कळ त्याच्याकडेच राहिलं.

इथे आपल्याला एक जुना वारसा विसरून चालणार नाही. महादेव गोविंद रानडे तेव्हा हायकोर्टात नव्हते, इंग्रज सरकारचे पगारी दुय्यम न्यायाधीश होते. पुण्यातलं त्यांचं सार्वजनिक काम सरकारच्या डोळ्यांत खुपत होतं म्हणून त्यांना आधी नाशिकला आणि वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत धुळ्याला हलवलं. तिथे त्यांची पत्रं उघडून पाहिली जात, हे रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे. रानड्यांनी निकालात काही वावगं केलं होतं, असा आरोप खुद्द इंग्रजांनीही केला नव्हता. नुसती जागा बदलून माणसाला धाक घालता येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतंत्र भारतात दुय्यम न्यायाधीशांच्या बदल्या हायकोर्टाकडे गेल्या आणि हायकोर्टाचा न्यायाधीश सेवेतला नोकर नव्हे तर घटनात्मक पदाधिकारी मानला गेला. या पार्श्वभूमीवर कलम २२२ बघितलं की आपण धुळ्याची वाट उघडीच ठेवली असं वाटल्याशिवाय राहत नाही.

‘पण आता बदल्या सरकार करत नाही, कॉलेजियम म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ करतं,’ असं कायदा शिकलेले लोक लगेच सांगतील. १९९३ नंतर ते कागदावर खरं आहे. तरी गेल्या दहा वर्षांतली चार नावं घ्या. अकील कुरेशींनी गुजरात हायकोर्टात असताना २०१० मध्ये अमित शहांना सीबीआय कोठडी दिली होती. २०१८ मध्ये ते ज्येष्ठतेनुसार गुजरातचे प्रभारी मुख्य न्यायमूर्ती होण्याच्या बेतात असताना त्यांची बदली मुंबईला झाली. मे २०१९ मध्ये कॉलेजियमने त्यांचं नाव मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी दिलं. सरकारने ते अडवून धरलं आणि कॉलेजियमनेच शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला पाठवलं. इशरत जहाँ प्रकरणात सीबीआय चौकशीचा आदेश देणारे जयंत पटेल सप्टेंबर २०१७ मध्ये निवृत्तीला दहा महिने उरले असताना कर्नाटकातून अलाहाबादला पाठवले गेले. त्यांनी राजीनामा दिला. एस. मुरलीधर यांनी दिल्लीच्या दंगलीवर पोलिसांना धारेवर धरलं, त्याच दिवशी रात्री त्यांच्या बदलीचा आदेश निघाला. शिफारस आधीची होती हे खरं, पण मुहूर्त सरकारने काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर कॉलेजियमने उघडच लिहिलं की न्या. अतुल श्रीधरन यांना छत्तीसगडऐवजी अलाहाबादला पाठवत आहोत, कारण सरकारने फेरविचार करायला सांगितलं. त्याच न्यायमूर्तींनी त्या वर्षी मे महिन्यात मध्य प्रदेशच्या एका मंत्र्यावर कर्नल सोफिया कुरेशींबद्दलच्या वक्तव्यासाठी गुन्हा नोंदवायला लावला होता. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. संबंध नाही असंही कुणी सिद्ध करू शकत नाही, कारण कारणच दिलेलं नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

बदलीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा आहे तो ‘अंकल जज’चा. वकिली केली त्याच कोर्टात न्यायाधीश झाल्यावर जुने जूनियर, भाचे, पुतणे समोर उभे राहतात, सगळ्यांची लग्नकार्यं एकमेकांत. मुंबईत, नागपुरात, औरंगाबादच्या खंडपीठात जरा वेळ बार रूममध्ये बसलं की कोण कुणाचा हे कळायला लागतं. दुसरा मुद्दा असा की महाभियोगाची तरतूद इतकी अवघड आहे की आजवर एकही न्यायाधीश त्या मार्गाने गेला नाही. मग संशयास्पद माणसाचं करायचं काय? बदली हा निदान एक उपाय आहे.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर अनुभवच देतो. कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांच्यावर जमिनी बळकावल्याचे आरोप झाले तेव्हा त्यांना सिक्कीमला पाठवलं गेलं. कर्नाटकाला जो चालत नाही तो आम्हाला का चालावा, असं सिक्कीमच्या वकिलांनी विचारलं. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या न्या. यशवंत वर्मा यांच्या निवासस्थानी आगीनंतर नोटा सापडल्याचं प्रकरण गाजलं. त्यांनी आरोप नाकारले, पण त्यांची बदली अलाहाबादला झाली. तेव्हा तिथल्या बारने आम्ही कचराकुंडी नाही असं ठणकावलं. एकाच अलाहाबादला निर्भीडपणे आदेश देणारा न्यायाधीशही जातो आणि ज्याच्या घरी नोटा सापडल्याचा आरोप आहे तोही. बदलीच्या ठरावांत शब्द बहुधा तेच असतात, ‘न्यायदानाच्या अधिक चांगल्या व्यवस्थेसाठी’. आता यातला बक्षीस कोण, शिक्षा कोण आणि निव्वळ सोय कोण, हे सामान्य माणसाने ओळखायचं कसं? भ्रष्ट माणूस पाटण्याला गेल्याने प्रामाणिक होत नाही. प्रामाणिक माणसावर मात्र तेवढ्याने डाग लागतो.

विजया ताहिलरमानींचं काय झालं ते आठवा. मुंबई हायकोर्टात त्यांनी २०१७ मध्ये बिल्किस बानो प्रकरणातल्या शिक्षा कायम केल्या. पुढे त्या मद्रासच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. तिथे मंजूर पदं पंचाहत्तर. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना मेघालयला पाठवायचं ठरलं, जिथे न्यायाधीश हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. फेरविचाराची विनंती फेटाळली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. वकील रस्त्यावर आले तेव्हा सुप्रीम कोर्टाकडून खुलासा आला की प्रत्येक बदलीमागे सबळ कारणं आहेत, गरज पडली तर सांगू. म्हणजे गरज अजून पडलेलीच नव्हती! पुढे उलटसुलट बातम्या येत राहिल्या, खरं-खोटं काही ठरलं नाही. कारण लिहिलं असतं आणि ते खरोखरच सबळ असतं, तर लाज न्यायाधीशांना वाटली असती. नसतं, तर बदली करणाऱ्यांना. न लिहिल्यामुळे दोघेही संशयात राहिले.

‘अंकल जज’चा मुद्दा मला अधिक पटतो. पण त्याला नियम पुरतो, लहर लागत नाही. जवळचे नातेवाईक त्या कोर्टात वकिली करत असतील तर नेमणूकच दुसऱ्या हायकोर्टात करा, पहिल्याच दिवशी, सगळ्यांना सारखी. बारा वर्षांनी अचानक नातेवाईक आठवायचं काही कारण नाही.

बदलीमुळे पक्षकाराचं काय होतं, हे तर या वादात कुणी काढतच नाही. महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयांचं बरंच काम मराठीत चालतं. जमिनीच्या दाव्याचं दुसरं अपील हायकोर्टात येतं तेव्हा सोबत सातबारा, फेरफार, तलाठ्याचा पंचनामा आणि साक्षीदाराची उलटतपासणी अशी सगळी पेपरबुकं येतात. त्या उलटतपासणीत ‘वहिवाट’ आणि ‘कब्जा’ या दोन शब्दांवर सगळी जमीन फिरते. मराठी गावात वाढलेला न्यायाधीश ते पान वाचतानाच वकिलाला अडवतो. बाहेरून आलेल्याला भाषांतर मागवावं लागतं. ते यायला महिने लागतात आणि आल्यावर त्यात दोन्ही शब्दांना एकच इंग्रजी शब्द लावलेला असतो. बाहेरून आलेल्या कितीतरी न्यायाधीशांनी मुंबईत उत्तम काम केलं आहे, हे मान्य. पण हा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो? बदलीचा आदेश काढणाऱ्याच्या तर नक्कीच नाही.

आता कायम होण्याची गोष्ट. कलम २२४ मधले अ‍ॅडिशनल न्यायाधीश १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. साठलेलं काम उपसायला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी तात्पुरते न्यायाधीश, एवढीच ती सोय. काम काही उपसलं गेलं नाही. तात्पुरती सोय मात्र कायमचा उंबरठा झाली. मुंबई हायकोर्टाच्या ९४ मंजूर पदांपैकी २३ पदं आजही अ‍ॅडिशनल आहेत आणि जवळपास प्रत्येक नवा न्यायाधीश याच दाराने येतो. म्हणजे नोकरीतला प्रोबेशनरी कारकून आणि हायकोर्टाचा न्यायाधीश यांच्यात या दोन वर्षांपुरता फरक कुठला? फरक एवढाच की या प्रोबेशनरपुढे रोज उभा राहणारा सर्वांत मोठा पक्षकार राज्य सरकार असतं आणि कायम करण्याच्या प्रक्रियेत त्याच राज्य सरकारचंही मत घेतलं जातं.

आणीबाणीत याची किंमत एका मराठी माणसाने मोजली. उमेश रंगनाथ लळित मुंबई हायकोर्टात अ‍ॅडिशनल न्यायाधीश होते. सरकारने त्यांना कायम केलं नाही. ते दिल्लीला जाऊन सुप्रीम कोर्टात वकिली करू लागले. त्यांचे चिरंजीव उदय लळित २०२२ मध्ये ७४ दिवसांसाठी सरन्यायाधीश झाले, तेव्हा कौतुकाच्या लेखांत वडिलांची ही हकीकत चवीने छापली गेली. सगळ्यांना ती अन्यायाची गोष्ट वाटली. होतीच. मग त्याच अन्यायाचं हत्यार आपल्या पसंतीच्या कारणासाठी वापरलं गेलं तेव्हा आपण टाळ्या का वाजवल्या?

मी नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गणेडीवाला यांच्याबद्दल बोलतो आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी निकाल दिला की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सो कायद्यातला लैंगिक अत्याचार ठरत नाही, त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा. निकाल चुकीचाच होता. कायद्याच्या शब्दांतही बसत नव्हता आणि त्याच्या हेतूला तर हरताळ फासणारा होता. सुप्रीम कोर्टाने त्याला लगेच स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला. चुकीच्या निकालाचं जे व्हायला हवं ते तिथेच झालं. पण तेवढ्यावर थांबलं नाही. त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली गेली, मग फक्त एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. समाजमाध्यमांवर अगदी पुरोगामी मंडळींनीही ‘बरं झालं’ म्हटलं.

बरं झालं नाही. लळितांना ज्या कळीने बाहेर काढलं, तीच कळ इथे दाबली गेली. फरक आपल्या पसंतीचा आहे, तत्त्वाचा नाही. इथे प्रतिवाद तयार असतो की लळितांच्या बाबतीत सरकारची सूडबुद्धी होती, इथे मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. मान्य, हेतू वेगळे होते. पण कळ हेतू विचारत नाही. नागपूरच्या खंडपीठात पुढच्या वर्षी बसलेल्या नव्या अ‍ॅडिशनल न्यायाधीशाला यातून एकच धडा मिळाला असेल. गाजणाऱ्या प्रकरणात, लोकांच्या रागाच्या विरुद्ध जाणारा निकाल कायम होईपर्यंत देऊ नये. यात एखादा निरपराध आरोपी अडकला तर? बलात्काराच्या किंवा दहशतवादाच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटायला हवा असा माणूस त्याच्यासमोर आला तर? वाईट न्यायाधीश नेमला गेला असेल तर चूक नेमणुकीच्या वेळी झाली. ती आधी पारखून टाळा, दोन वर्षं टांगती तलवार ठेवून नको.

त्याच नागपुरात ऑगस्ट २०२३ मध्ये न्या. रोहित देव यांनी भरकोर्टात राजीनामा जाहीर केला. वकिलांची माफी मागितली, स्वाभिमानाविरुद्ध काम करू शकत नाही असं सांगितलं आणि त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे सुनावणीची यादी, तसाच राहिला. हजर वकिलांपैकी कुणाचं अर्धं ऐकलेलं मॅटर होतं, कुणी गडचिरोलीहून पक्षकार घेऊन आला होता. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्दोष सोडणाऱ्या खंडपीठात देव होते. सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच दिवशी, शनिवारी खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. नंतर निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाच्या दुसऱ्या खंडपीठाने साईबाबांना पुन्हा निर्दोषच सोडलं. देवांनी राजीनाम्यामागचं कारण वैयक्तिक सांगितलं, त्यापलीकडे मी जात नाही. पण निवृत्तीनंतर दोन वर्षं पद न घेण्याचा नियम असता, तर त्या दिवशी त्या कोर्टात काय वेगळं झालं असतं?

तिसरी कळ वयाची. मूळ घटनेत हायकोर्टाचं निवृत्तीवय साठ होतं, १९६३ मध्ये ते बासष्ट झालं. सुप्रीम कोर्टाचं पासष्ट. या तीन वर्षांच्या फरकामागे कामाच्या स्वरूपाचं काही कारण असेल तर मला ते सापडलेलं नाही. हायकोर्टांत न्यायाधीशांची हजाराहून अधिक मंजूर पदं आणि वर ३४ खुर्च्या, अशी रचना असल्यावर साठीच्या आसपासचा प्रत्येक ज्येष्ठ न्यायाधीश वर बघणार, हे ओघानेच आलं. १२ जून १९७५ रोजी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणारे जगमोहनलाल सिन्हा अलाहाबाद हायकोर्टातूनच निवृत्त झाले. कुरेशीही हायकोर्टातूनच निवृत्त झाले. हायकोर्टाचं वय पासष्ट करणारं विधेयक २०१० मध्ये आलं आणि लोकसभेसोबत बारगळलं. नालायक न्यायाधीशालाही तीन वर्षं जास्त मिळतील, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे. त्याच्या बदल्यात प्रत्येक चांगल्या न्यायाधीशाची वरच्या दाराकडे बघण्याची सवय थोडी सुटेल, हा सौदा मला स्वस्त वाटतो.

आता शेवटचा आणि भावनेला सर्वांत जवळचा प्रश्न. म्हणजे न्यायाधीशांनी कुणालाच उत्तर द्यायचं नाही? लोकशाहीत हे कसं चालेल? अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला आणि राज्यांच्या वरच्या कोर्टांतले न्यायाधीश मतदारांपुढे उभे केले. कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड यांनी समोर आलेली प्रत्येक फाशी रद्द करायचं मत दिलं आणि १९८६ मध्ये मतदारांनी त्यांना दोन सहकाऱ्यांसह घरी पाठवलं. त्यांची मतं चूक होती की बरोबर, हा वेगळा वाद. पण त्यानंतर त्या कोर्टात फाशीची फाइल उघडणाऱ्या न्यायाधीशाच्या मनात मतपेटी आली नसेल का? वेस्ट व्हर्जिनियात तर एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने कंपनीचं अपील येऊ घातलं असताना एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे तीस लाख डॉलर ओतले. उमेदवार निवडून आला आणि त्या अपिलात कंपनीच्या बाजूने बसला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला त्यात हात घालावा लागला. लोकांना उत्तरदायी करायला जावं आणि पैशाला उत्तरदायी होऊन बसावं, असा तो प्रकार. न्यायाधीशाने उत्तर द्यायचं ते लेखी कारणांतून. ते चूक असेल तर अपिलात उलटवा, वर्तमानपत्रात फाडा, कायदा बदला. त्याच्या पगाराला, गावाला आणि मुदतीला हात लावू नका.

अशा वेळी आपल्याकडे कुणी ना कुणी रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव घेतंच. रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश! पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध आपण फारसा सांगत नाही. देहान्त रघुनाथरावाला झाला नाही, पुणं शास्त्रीबुवांना सोडावं लागलं. बारभाईंची सत्ता आली तेव्हा ते परतले. म्हणजे सत्ता बदलली म्हणून न्यायाधीश टिकला. भाषणात टाळ्या मिळवायला ही गोष्ट चांगली आहे. हायकोर्टांची रचना करताना मात्र प्रत्येक खुर्चीवर रामशास्त्री बसेल असं धरून चालता येत नाही. बहुतेक न्यायाधीश तुमच्या-माझ्यासारखे असतात. मुलीची बारावी असते, आई-वडील थकलेले असतात, ठाण्याचा फ्लॅट सोडून शिलाँगला जायची त्यांना भीती वाटते. अशा माणसाने निर्भय राहावं, यासाठी त्याला हुतात्मा व्हावं लागू नये.

निवृत्तीनंतरच्या पदांना मोकळं सोडा, असा याचा अर्थ नाही. राज्यपाल, खासदार, राजदूत ही पदं न्यायाधीशाला बंदच असावीत, मुदतीची अट न ठेवता. लोकायुक्त, मानवी हक्क आयोग, ग्राहक आयोग यांना कायद्यानेच निवृत्त न्यायाधीश लागतात. तिथली निवड सरकारच्या मर्जीतून काढून ज्येष्ठतेच्या यादीला बांधता येईल. मुंबईच्याच वकिलांच्या एका संघटनेने २०२३ मध्ये मुदतबंदीसाठी याचिका केली तेव्हा सुप्रीम कोर्टाने ती न्यायाधीशांच्या विवेकावर सोडली. विवेक काही जण दाखवतातही. भूषण गवईंनी कोणतंही सरकारी पद घेणार नाही असं पदावर असतानाच जाहीर केलं. पण ते सरन्यायाधीश होऊन निवृत्त झाले. बासष्टला, वरचं दार बंद झाल्यावर घरी जाणाऱ्या हायकोर्ट न्यायाधीशाच्या विवेकाची परीक्षा अधिक कठीण असते.

निवृत्तीच्या वयाला घटनादुरुस्ती लागेल, त्याला वेळ जाईल. बाकीच्या दोन गोष्टींना संसदेचीसुद्धा गरज नाही. कॉलेजियमचे ठराव २०१७ पासून संकेतस्थळावर येतात. त्यात बदलीचं खरं कारण दोन ओळींत लिहायला आणि न्यायाधीशाचं त्यावरचं म्हणणं खाली जोडायला कुणी अडवलेलं नाही. मंजूर अ‍ॅडिशनल पदं कायम पदांत बदलायला सरकार आणि मुख्य न्यायमूर्तींची सहमती पुरते. साठे यांच्या नेमणुकीवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या आमदार-खासदारांपैकी एकानेही ही मागणी केल्याचं मला आठवत नाही. उद्या त्यांची सत्ता आली तर या कळा त्यांनाही लागणारच आहेत.